टोपलीतली हलकी अंडी

"फुंक नेम्या, फुंक! नुसते गाल फुगवून बेडूक होऊ नकोस!"

रत्नाने असा दम भरल्यावर नेमसिंगने डोळे घट्ट मिटले, अंड्याच्या वरच्या भोकाला ओठ लावले आणि सगळा जोर लावून फुंकर मारली. खालच्या भोकातून आधी पांढऱ्याची एक तार लोंबली, मग पिवळ्याचा थेंब डोकावला आणि पुढच्याच क्षणी सगळा ऐवज फस्सदिशी वाडग्यात उतरला.

"झालं! नेम्यादादानं अंडं रिकामं केलं!" छबीने टाळ्या पिटल्या.

"अन् अंड्यानं मला रिकामं केलं," नेमसिंग धापा टाकत म्हणाला. "गाल दुखून राहिले ना माझे!"

चैत्र संपत आला होता. हिंगोलीच्या शाळेतून सातवी पास होऊन रत्ना सुट्टीला पुसेगावला आत्याकडे आली होती, आणि येताना चित्रकलेच्या बाईंकडून शिकलेली एक करामत घेऊन आली होती. अंड्याच्या दोन्ही टोकांना सुईने भोकं पाडायची, सुई आत फिरवून बलक मोडायचा, फुंकून आतलं सगळं बाहेर काढायचं, टरफल विसळून सुकवायचं आणि मग त्यावर रंगकाम! हळद, कुंकू, गेरू, काजळ, जे हाताला लागेल ते. आत्याचा मुलगा हरिचंद नक्षी काढण्यात पटाईत होता. त्याची धाकटी बहीण छबी रंग सांडण्यात पटाईत होती. आणि ओढ्यापलीकडच्या तांड्यावरून रोज येणारा नेमसिंग हरीचा वर्गमित्र. फुंकण्याचं खातं त्याच्याकडे होतं.

हरीच्या थोरल्या बहिणीचं, शांताताईचं, वैशाखात लग्न होतं. तिच्या मांडवात रंगीत अंड्यांचं झुंबर टांगायचं, असा चौघांचा बेत होता. तेव्हाच्या साऱ्या परभणी जिल्ह्यात कुणी पाहिलं नसेल असं झुंबर!

वाडग्यातलं वाया जात नसे. आत्या त्याची कांदा-मिरची घालून पोळी करी. रोज रोज ती खाऊन पोरं कंटाळली होती. एकटे अमृतरावमामा, म्हणजे आत्याचे यजमान, तिला शिवत नसत. गेला महिनाभर त्यांनी अंडं-मटण सोडलं होतं. तव्यावर चर्र झालं की ते झुपकेदार मिशीवरून हात फिरवत तव्याकडे पाठ करून बसत आणि म्हणत, "तो वास तिकडं दूर न्या!"

इतक्यात शेजारच्या अंगणातून हाक आली.

"अमृतरावभाऊ! लक्ष्मीबाई! पाहा तं माज्या घरात काय झालं!"

अनुसयामावशी टोपली घेऊन धावत आली. मावशी एकटीच राहायची, रोजानं शेतात कामाला जायची. मागच्या पावसाळ्यात कोंबड्यांवर मर आली आणि तिचं भरलेलं खुराडं ओस पडलं. वाचली एकटी तुरेवाली. त्या तुरेवालीचं एकेक अंडं मावशीने भुश्याच्या टोपलीत जपून ठेवलं होतं. तुरेवाली आता खुडूक झाली होती. अंडी घालणं थांबवून, पिसं फुलवून नुसती बसून राहायची. अशा कोंबडीखाली अंडी ठेवली की पिलं निघतात. "पिलं निघाली की माजं खुराडं पुन्हा भरंल," असं मावशी ज्याला त्याला सांगायची.

आणि हेही सांगायची की अंडी बसवायला गुणाचा हात लागतो. तिने रत्नाचा हात आपल्या हातात घेऊन म्हटलं होतं, "औंदा तूच ठिव, पोरी. तुजा हात गुणाचा हाय." तेव्हापासून रत्ना आपल्या उजव्या हाताकडे जरा आदरानेच बघू लागली होती.

"उचलून तं पाहा!" मावशीने एक अंडं लक्ष्मीआत्याच्या तळहातावर ठेवलं. "कापसावानी हलकं! आत कायबी न्हाई. समदी तशीच!"

आत्याने अंडं कानाशी धरून हलवलं, मग दगडावर आपटलं. टचकन फुटलं. आत ठणठण गोपाळ!

"हे ह्या कार्ट्यांचंच काम!" अमृतरावमामा गरजले. "अंडी पोकळ करायचा कारखाना कोणी काढला गावात? ह्याच पोरीनं!"

ओसरीवर दोरीला रंगीत अंडी ओळीने लोंबत होती. सगळ्यांच्या नजरा आधी त्यांच्याकडे गेल्या, मग रत्नाकडे.

"नाही मामा! मावशीच्या टोपलीला आम्ही हात नाही लावला! आईची शप्पथ!"

"आमी तं आमच्याच कोंबड्यांची घेतो!" हरीही ओरडला.

"चूप बस! चोरी ती चोरी अन् वर तोंड करून बोलतेत! परवाच्या एश्टीनं हिला हिंगोलीला धाडतो!"

मामांच्या ओरडण्याचं रत्नाला एवढं वाटलं नसतं. पण अनुसयामावशी ओरडली नाही. ती हळूच म्हणाली, "मागितली असती तं म्या दिली नसती का, लेकरा? चोरून काहून?"

रत्नाचे डोळे भरून आले.

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, माझ्याकडं ताजी अंडी हायेत. आज सांजच्याला पाठवते. तीच बसवा."

"उद्या आमुशा हाय. ती टळली की बसवीन," मावशी म्हणाली. जाता जाता ती थांबली आणि रत्नाकडे न बघता पुटपुटली, "पण आता तुज्या हातानं नगं."

दुपारी मावशीने ती रिकामी टरफलं उकिरड्यावर फेकली. अर्ध्या तासात चारही पोरं उकिरड्यावर हजर!

"रडून काय होणार?" रत्ना नाक पुसत म्हणाली. "मी काही असा डाग लावून घेऊन हिंगोलीला जाणार नाही. खरा चोर शोधायचा!"

"परवाच्या आत?" हरीने विचारलं.

"परवाच्या आत!"

नेमसिंगने एक अख्खं टरफल उचलून उन्हात धरलं. "पण याला तं भोकच न्हाई! भोक न पाडता कसं पेलं?"

खरंच की! चौघांची डोकी एकत्र आली. मुंगूस अंडं फोडतं, साप अख्खं गिळतो, कुत्रं तर टरफलासकट मटकावतं. हे अंडं मात्र बाहेरून धड आणि आतून कोरडं! छबीने डोळे मोठे केले. "भुतानं पेलं असंल."

"भूत टोपली होती तशी लावून ठेवत नाही," रत्ना म्हणाली. तिने अंड्याच्या टोकावरून नख फिरवलं. तिथे एक पांढरा ठिपका होता. देशी अंडं कसं मातकट रंगाचं असतं, हा ठिपका मात्र पांढराफेक. नखाने खरवडल्यावर टिकली सुटावी तशी एक खपली निघाली आणि खाली भोक दिसलं. दुसऱ्या टोकालाही तसंच!

"बुजवलंय! कशानं बरं?"

"थांब, सांगतो," म्हणत नेमसिंगने ती खपली सरळ जिभेवर ठेवली. "आई गं! चुना! जीभ भाजली!"

"कोणी सांगितलं होतं चाटायला?" हरी पोट धरून हसू लागला.

रत्ना मात्र हसत नव्हती. दुसऱ्या टरफलावरच्या चुन्यात तिला एक तपकिरी कण चिकटलेला दिसला. तिने हुंगला. तंबाखू!

"ऐका," ती म्हणाली. "आपली भोकं सुईची, बारीक. ही ज्वारीच्या दाण्याएवढी, काट्यानं पाडलेली. म्हणजे हे आपलं काम नाही हे नक्की. चोर मोठा माणूस आहे, तंबाखू खातो आणि त्याच्या चंचीत चुन्याची डबी असते."

"असं तं निम्मं गाव हाय!" हरी म्हणाला.

"पण टरफलं परत का ठेवायची? चोर ती पण का नेत नाही?" रत्नाने विचारलं.

"टोपली भरल्यावानी दिसली पायजे म्हणून," नेमसिंग म्हणाला.

"आणि कच्चंच का पितो? भाजून का खात नाही?"

"भाजलं की वास येतो ना," छबी म्हणाली. "बाबा कसे म्हंतात, वास दूर न्या!"

"तू गप गं," हरीने तिला दटावलं, आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

कच्ची अंडी म्हटल्यावर नेमसिंगला एकच माणूस आठवला: पुंजाजी पहिलवान! आता वय झालं होतं, पण एके काळी दुधात अंडी फोडून घटाघट प्यायचा म्हणून त्याची ख्याती होती. चौघे पारावर गेले. पुंजाजीकाका तळहातावर तंबाखू मळत बसले होते. शेजारी चुन्याची डबी! रत्नाने हरीला कोपराने ढोसलं.

"काका, अंडं घेता का? ताजं हाय," हरीने खिशातून एक अंडं काढून पुढे केलं.

पुंजाजीकाकांनी अंड्याकडे असं पाहिलं की जणू कुणी जिवलग परगावी चालला आहे. मग तोंड फिरवलं. "नगं रे बाबा, नगं! माजी मिशी जाईल!"

"मिशी? अंड्यानं?"

"अरे, तुज्या बापासंगं पैज लागली हाय माजी. शांताच्या हळदीपर्यंत अंडं न्हाई, मटण न्हाई. जो मोडंल, त्यानं पारावर बसून मिशी साफ करायची. अमृतराव म्हणे, तुमच्यानं न्हाई व्हायचं पहिलवान! म्या म्हणलं, बघू! आता तो बी तळमळून राहिला अन् म्या बी!"

पोरं परत फिरली. वास येऊ नये, टरफल दिसू नये, अशी गरज गावात दोघांनाच होती. एक पुंजाजीकाका, आणि दुसरा...

हरी ओढ्याच्या काठी थांबला. मावशी शेतात जाताना रोज कुणाला हाक मारून जाते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "भाऊ, जरा घराकडं ध्यान ठिवा."

"माझे बाबा असले तं?" त्याने विचारलं.

रत्ना त्याच्याजवळ गेली. "आपण सोडून देऊ या का, हऱ्या? जाते मी परवा. पुढच्या सुट्टीपर्यंत विसरतील सगळे."

हरीने एक खडा उचलून पाण्यात भिरकावला. "न्हाई. काका असले तं तुझी सुटका. अन् बाबा असले तरी तुझी सुटकाच. सापळा लाव!"

आणि सापळा लागला! तोही अंड्याचाच!

रत्नाने एक छानसं अंडं निवडून पोकळ केलं. खालच्या भोकावर मेणबत्तीचं मेण थापून वरून मातीचं बोट फिरवलं. मग नेमसिंगने कडुलिंबाचा पाला वाटून, गाळून रस काढला. हरीने लग्नाच्या बर्फीसाठी आणलेली हिरव्या रंगाची पुडी आईच्या डब्यातून चिमूटभर लांबवली.

"खायचाच रंग आहे ना? नीट बघ," रत्नाने दोनदा विचारलं. "चोर पकडायचाय, दवाखान्यात न्यायचा नाही."

रस आणि रंग कालवून शाईच्या ड्रॉपरने अंड्यात थेंब थेंब भरला. मग वरचं भोकही मेणाने बंद! अंडं हातात घेतलं तर चांगलं वजनदार. कोंबडीलासुद्धा फरक कळला नसता.

संध्याकाळी आत्याने अंडी पाठवली ती छबीच्या हाती. मावशीच्या दारात पाऊल टाकायची मुभा आता तिलाच उरली होती. छबीने ती भुश्यात मांडली आणि सगळ्यात वर, अगदी डोळ्यांत भरेल असं, ते हिरव्या पोटाचं अंडं ठेवलं.

अमावास्येच्या दिवशी मावशी कामाला गेली. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. चौघे कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसले. कडब्याची कुसळं अंगात टोचत होती. नेमसिंगला शिंक आली, ती त्याने नाक दाबून गिळली.

"कोणी येऊन राहिलं," हरी कुजबुजला.

कुणीतरी मावशीच्या परसात शिरलं. डोक्याचं मुंडासं तोंडावर ओढलेलं. त्याने बाभळीच्या झुडपाचा काटा मोडला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि दार ढकलून आत गेला. आत क्षणभर शांतता. आणि मग...

"थू! थू! आक् थू! मेलो! आरं काय हे! थू!"

माणूस बाहेर धावला तो थेट अंगणातल्या पाण्याच्या माठाकडे. चूळ भरली, पुन्हा भरली, मुंडाशाने तोंड पुसलं. जितकं पुसावं तितका रंग पसरत होता. छबीला राहवलं नाही. ती गंजीआडून उड्या मारत बाहेर आली.

"बाबा! तुमची मिशी हिरवी झाली! पोपटासारखी!"

ते अमृतरावमामाच होते!

छबीच्या आवाजाने आत्या धावत आली, शांताताई आली, पारावरून पुंजाजीकाका आले. शेतातून भाकरीसाठी परतलेली अनुसयामावशीही दारात येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या मधोमध हिरवी जीभ आणि हिरवी मिशी घेऊन मामा उभे! रत्नाने उकिरड्यावरची टरफलं पुढे ठेवली, चुन्याचे ठिपके दाखवले, तंबाखूचा कण दाखवला आणि कडू अंड्याची गोष्टही सांगून टाकली.

"म्हंजी कुंपणच शेत खाऊन राहिलं व्हतं!" पुंजाजीकाका मांडीवर थाप मारून म्हणाले.

"अन् वर चोराच्या उलट्या बोंबा!" आत्याने कमरेवर हात ठेवले.

मामांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "अरे, एक दिवस जीव लई तळमळला. म्हणलं, एकच. मग एकाचं दुसरं झालं. मला काय ठावं, बाईनं बसवायला ठिवली म्हणून..."

"ठावं होतं, बाबा," हरी पुढे येऊन म्हणाला. "मावशी रोज सांगत होत्या. अन् रत्नीला सगळे चोर म्हणून राहिले होते, तवा तुमी गप बी न्हाई बसले. तुमीच सगळ्यात मोठ्यानं ओरडले. काहून?"

कुणीच हसलं नाही मग. मामांची मान खाली गेली. पैजेत हरल्याची नव्हे, पोटच्या पोराने विचारलेल्या त्या प्रश्नाची त्यांना लाज वाटली. ते अनुसयामावशीपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलं बाई. तुमी भरवसा ठिवला अन् म्या टोपली रिकामी केली. माझ्या घरच्या दोन तलंगा, नव्यानं अंड्यावर आलेल्या कोंबड्या, आजपासून तुमच्या." मग ते रत्नाकडे वळले. "अन् पोरी, माज्या भुकेपायी तुज्यावर आळ घेतला. मामाला माफ कर."

मोठ्या माणसाने आपली माफी मागितली की काय बोलायचं असतं, हे रत्नाला कुणी शिकवलंच नव्हतं. ती गडबडून म्हणाली, "मामा, आधी चूळ भरा. रंग लवकर जात नाही."

आता मात्र सगळे खो खो हसले! हरीसुद्धा.

"अन् मिशी?" पुंजाजीकाकांनी आठवण केली.

"काढतो ना! आत्ताच काढतो," मामा म्हणाले. "हिरवी मिशी घेऊन लेकीची पाठवणी कशी करू?"

पारावर वस्तरा फिरला तेव्हा बघायला अर्धं गाव लोटलं होतं. पुंजाजीकाकांनी आधी एक अंडं दुधात फोडून सगळ्यांच्या देखत घटाघट प्यायलं, मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "शाबास रे पोरांनो! म्या आखाड्यात लई लोकं चीत केले, पण असा डाव म्या बी कधी टाकला न्हाई. चुन्याच्या ठिपक्यावरून माणूस वळखला!"

"चुना मी चाटला होता!" नेमसिंगने घाईघाईने सांगितलं. "जीभ अजून दुखून राहिली!"

दुसऱ्या दिवशीची एश्टी आली आणि रत्नाला न घेताच धूळ उडवत हिंगोलीकडे निघून गेली. त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, शेजारच्या अंगणातून हाक आली.

"रत्ने! हात धुऊन ये."

मावशीने तुरेवालीसाठी कोपऱ्यात भुश्याचं नवं घर केलं होतं. शेजारी अंड्यांची टोपली होती. मावशीने दिवसा एकेक अंडं उन्हात धरून, भरलेलं आहे ना ते पाहिलं होतं.

"परवा तुला नगं म्हणले," मावशी म्हणाली. "म्हातारीची चूक झाली, लेकरा. गुणाच्या हाताला म्या वंगाळ बोलले."

"पण मावशी," रत्नाचा आवाज बारीक झाला, "याच हातानं मी एवढी अंडी रिकामी केलीत. चालेल का?"

मावशी हसली. "रिकामी कशी करायची ते ज्याला कळतं, त्याला भरल्याची किंमत जास्ती कळंल. ठिव."

रत्नाने पहिलं अंडं उचललं. ते जड होतं, कोमट होतं. दोन्ही हातांनी तिने ते तुरेवालीच्या पोटाखाली सरकवलं. कोंबडीने एकदा मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं आणि पंख पसरून ते झाकून घेतलं.

शांताताईच्या लग्नात मांडवाच्या मधोमध अंड्यांचं झुंबर डोललं. पाहुणे माना वर करकरून बघत होते, आणि बिनमिशीचे मामा प्रत्येकाला अभिमानाने सांगत होते, "आमच्या पोरांनी केलं हे!" सगळ्यात खाली एक अंडं बिनरंगाचं टांगलेलं होतं, त्याच्या टोकावर चुन्याचा नुसता पांढरा ठिपका. ते काय आहे, असं कुणी विचारलं की मामा घाईघाईने पंगतीकडे निघून जात.

रत्ना मात्र मांडवात नव्हती. ती मावशीच्या परसात उकिडवी बसली होती. तुरेवालीच्या पंखाखालून एक पिवळंधमक डोकं बाहेर आलं होतं आणि तिच्या उजव्या हाताच्या बोटावर चोच मारून बघत होतं.